सुरतेला लिहिलेली कैद्यांची पत्रं

१६६२ च्या मार्चमध्ये सुरतेच्या इंग्रज वखारीतून एक पत्र दक्षिणेकडे रवाना झालं. ते ज्यांच्या नावे होतं ते इंग्रज व्यापारी तेव्हा शिवाजी महाराजांच्या कैदेत होते आणि कैदेला वर्ष भरत आलं होतं. या माणसांनी सुरतेला पत्रांवर पत्रं धाडली होती. आम्ही कंपनीचे चाकर, कंपनीपायी इथे कुजतोय आणि तुम्ही मात्र स्वस्थ बसलात, असा त्यांचा सूर. पुढे पुढे तर भाषा पार घसरली. सुरतेच्या अध्यक्षाने आणि त्याच्या मंडळाने जे उत्तर दिलं त्याचा मतलब असा : तुम्ही तुरुंगात कसे पडलात ते तुम्हाला पक्कं ठाऊक आहे. कंपनीचा माल राखताना नाही पडलात. पन्हाळ्याला वेढा पडला असताना तिथे गेलात, साऱ्या मुलखाला माहीत असलेलं इंग्रजांचं निशाण लावलंत आणि गोळे उडवलेत, म्हणून पडलात.

मी सुरतेच्या कोर्टात वकिली करते. वडील शिरपूरकडचे, लूमच्या खात्यात काम मिळालं म्हणून उधन्याला आले आणि आम्ही इथलेच झालो. माझ्याकडची बरीचशी कामं विधी सेवा प्राधिकरणाकडून येतात, म्हणजे ज्यांना वकील करणं परवडत नाही अशा कच्च्या कैद्यांची. कैद्याचं पत्र कसं असतं आणि त्याला उत्तर कसं येतं हे त्यामुळे रोज हाताखालून जातं. सुरतेच्या त्या उत्तरातली खुबी मला लगेच कळली, कारण ती अजून चालते. कैदी म्हणतो, मला कसं ठेवलंय ते बघा. उत्तर येतं, तू आत का आलास ते आठव.

प्रकरण थोडक्यात असं. अफझलखानाच्या वधानंतर, १६६० च्या जानेवारीत, मराठी फौज राजापुरात आली. बंदरात खानाची गलबतं होती. त्यावरून इंग्रजांशी खटका उडाला आणि वखारीतला फिलिप गिफर्ड खारेपाटणच्या किल्ल्यात अडकला. तो सुटला. इथवर चूक कोणाची यावर वाद घालता येईल. पण सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला तेव्हा वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन दारूगोळा घेऊन आपल्या माणसांसह जौहरच्या मदतीला गेला. गडावर खुद्द महाराज होते. जुलैत ते निसटले आणि पुढच्या मार्चमध्ये, १६६१ ला, राजापूरवर आले. वखार लुटली गेली; रेव्हिंग्टन, गिफर्ड, रिचर्ड आणि रँडॉल्फ टेलर वगैरे मंडळी कैद झाली. त्यांना आधी वासोट्याला ठेवलं, मग महाडजवळच्या सोनगडावर, काहींना पुढे रायगडावर. मधे पळून जायचाही एक प्रयत्न झाला; तो फसला आणि बंदोबस्त आणखी आवळला गेला.

वासोट्याला आज बामणोलीहून लाँचने जाता येतं, वर जंगलातून चढण आहे. त्या गडाच्या नशिबी इंग्रज कैदी पुन्हा एकदा आले. १८१७ मध्ये पेशव्यांच्या माणसांनी हंटर आणि मॉरिसन हे दोन कोवळे अधिकारी पकडून शेवटी तिथेच नेऊन ठेवले होते आणि १८१८ च्या एप्रिलमध्ये गड पडला तेव्हा ते सुटले. निर्जन जागा, बाहेरच्या माणसाचा वावर नाही, तक्रार खाली पोचायची तर गडकऱ्याच्याच माणसाच्या हाती द्यावी लागणार. कैदेसाठी याहून सोयीची जागा कोण शोधील?

आपल्याकडे ही राजापूरची गोष्ट दोन ओळींत उरकतात : दगाबाज टोपीकर, बरी अद्दल घडली. अद्दल घडवणं योग्य होतं असं माझंही मत आहे. आजच्या युद्धविषयक कायद्याने पाहिलं तरी व्यापाऱ्याने वेढ्यात उतरून गोळे डागले की तो नुसता व्यापारी राहत नाही. त्याला धरून ठेवण्याचा हक्क समोरच्याला मिळतो. पण हाच कायदा, म्हणजे १९४९ चे जिनिव्हा करार, दुसरा एक हिशेब पहिल्यापासून वेगळा मांडतात. कोणाला का धरलं ही एक वही, धरल्यावर कसं ठेवलं ही दुसरी. पहिल्या वहीत माणसाच्या नावावर कितीही बाकी असो, दुसऱ्या वहीत अन्न, औषध, निवारा, घरच्यांशी पत्रव्यवहार हे त्याचं येणं असतंच. सुरतेच्या मंडळाने दुसरी वही उघडलीच नाही.

आणि का उघडावी? त्या कैद्यांनी ज्यांच्या ज्यांच्याकडे तोंड वेंगाडलं त्या प्रत्येकाचं या व्यवहारात काही ना काही गुंतलेलं होतं. पकडणाऱ्याला दंडा-राजपुरीच्या सिद्दीविरुद्ध मदत हवी होती, आणि ती मिळत नाही म्हटल्यावर खंडणी हवी होती. सुरतेला खंडणी द्यायची नव्हती, कारण एकदा दिली की किनाऱ्यावरच्या प्रत्येक वखारीचा भाव ठरला. यांना कसं ठेवलंय एवढंच बघायचं, दुसरं काही बघायचं नाही, असं ज्याचं काम असेल असा माणूस त्या काळी रायगडापासून लंडनपर्यंत कुठेही नव्हता. १६६३ च्या फेब्रुवारीत राजापूरच्या रावजी पंडितांमार्फत ती मंडळी सुटली, तीही राजकारण बदललं म्हणून.

राज्याभिषेकाच्या वेळी, १६७४ च्या जूनमध्ये, इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर आला आणि राजापूरच्या नुकसानीपोटी दहा हजार होनांवर तडजोड झाली. अभ्यासकांना हा करार तोंडपाठ असतो. मला त्यात एकच गोष्ट दिसते : हिशेब मालाचा होता. गडावर काढलेल्या दिवसांचा रकाना कंपनीनेही मागितला नाही.

महाराजांनी १६६४ मध्ये केलेल्या सुरतेच्या लुटीबद्दल मी इथे जपून बोलते. लिंबायतच्या गल्ल्यांतून शिवजयंतीला ढोल-ताशे वाजतात. चौक बाजारातल्या एखाद्या जुन्या सुरती घरात तोच विषय निघाला की यजमान चहा पुढे करून विषय बदलतो. दोन्हीकडे माझी ऊठबस आहे. पण कैदेचा इतिहास लिहायचा तर जानेवारीतले ते चार दिवस टाळता येत नाहीत. सुभेदार इनायतखान किल्ल्यात दडून बसला आणि तहाच्या बोलणीसाठी म्हणून त्याने धाडलेल्या तरुणाने महाराजांवर खंजीर चालवला. रक्षकाने त्याचा हात तोडला. महाराज पडले असं वाटून छावणीत कैद्यांना मारण्याचा ओरडा झाला. इंग्रजांचा पाद्री एस्कॅलियट याने लिहून ठेवलंय की महाराजांनी उठून ती कत्तल थांबवली, मात्र नंतर कैद्यांना समोर आणवून काहींची डोकी आणि बऱ्याच जणांचे हात तोडवले. त्यात अँथनी स्मिथ नावाचा इंग्रज होता. त्याची पाळी आली तेव्हा त्याने हिंदुस्तानीत सांगितलं की हातापेक्षा डोकंच कापा. त्यासाठी डोक्यावरची टोपी काढली गेली आणि तिथे महाराजांनी हात आवरायला लावला. पुढे तो सुटला.

वृत्तांत शत्रुपक्षाचा आहे, हे खरं. पण त्याच वृत्तांतात कत्तल थांबवल्याचंही आहे आणि कॅप्युचिन फादर अ‍ॅम्ब्रोजला हात न लावल्याचं त्या काळच्या इतर लेखनात आहे. साक्षीदार एकाच बाजूचा असला तरी दोन्ही बाजूंचं बोलत असेल तर कोर्ट त्याला सहसा फेकून देत नाही. मला यात कोणा एकाचा क्रूरपणा किंवा दया शोधायची नाही. खंजीर इनायतखानाच्या माणसाने चालवला आणि किंमत छावणीत बांधून ठेवलेल्यांनी मोजली, ही त्या काळची रीत मला दाखवायची आहे. कारण याच रीतीने सुरतेचे मोगल अंमलदार शंभर वर्षं इंग्रजांशी वागले.

बघा. १६२३ मध्ये इंग्रजांनी समुद्रावर सुरतेची जहाजं अडवली. १६२४ च्या सुरुवातीला अध्यक्ष थॉमस रास्टेल आणि त्याचे सोबती सुरतेत बेड्यांत. १६३० च्या दशकाच्या मध्यात कॉब नावाच्या कप्तानाने मुसलमान व्यापाऱ्यांची जहाजं लुटली. कॉब कंपनीचा माणूसही नव्हता, तिच्या प्रतिस्पर्ध्यांनी पाठवलेला होता, पण अध्यक्ष मेथवोल्ड आठ आठवडे कोठडीत. १७०१ मध्ये मुंबईचा गव्हर्नर सर जॉन गेयर सुरतेत बायकोसकट अडकला. त्या खेपेला त्याला अडकवण्यात दुसऱ्या इंग्रज कंपनीच्या निकोलस वेटचा हात होता, आणि गेयरची सुटका व्हायला वर्षांमागून वर्षं गेली. आपल्याच माणसाने आपल्याला आत टाकावं, हे काही फक्त आपल्या भाऊबंदकीचं वैशिष्ट्य नव्हे.

सगळ्यांत मोठं प्रकरण १६९५ चं. औरंगजेबाचं 'गंज-इ-सवाई' जहाज मक्केच्या यात्रेकरूंना घेऊन सुरतेकडे परतत होतं. हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने ते सप्टेंबरमध्ये गाठलं, लुटलं, आणि जहाजावरच्या बायकांचे जे हाल झाले त्याची बातमी यात्रेकरूंनीच सुरतेत आणली. शहर खवळलं. वखारीवर लोक चालून जाणार हे सुभेदार इतिमादखानाला दिसलं. त्याने वखारीला पहारा बसवला आणि अध्यक्ष सॅम्युएल अ‍ॅन्स्लीसकट साठाहून अधिक इंग्रजांना बेड्या ठोकल्या. हा पहारा त्यांना कोंडण्यासाठी होता तितकाच जमावापासून वाचवण्यासाठीही होता, असं दिसतं. आजही आरोपीच्या सुरक्षिततेसाठी म्हणून त्याला वेगळ्या कोठडीत ठेवतात आणि ती कोठडी सगळ्यांत वाईट निघते. ही युक्ती इतिमादखानाची नवी नव्हती, जुनीही झाली नाही.

आता अ‍ॅन्स्लीने दाद कोणाकडे मागायची? सुभेदाराने धरलेलं, म्हणजे सुभेदाराकडे नाही. बादशहाकडे मागायची तर बादशहा तेव्हा दिल्ली-आग्र्याला नव्हताच. त्याची छावणी भीमेच्या काठी ब्रह्मपुरीला होती, आज मंगळवेढ्याजवळ जिथे माचणूरचा किल्ला आहे तिथे. मराठ्यांशी लढता लढता त्याने तिथे चार वर्षं मुक्काम ठोकला. म्हणजे तापीकाठच्या कैद्याचा अर्ज सोलापूरकडे जाणार, आणि ज्याचं जहाज लुटलं गेलं तोच त्यावर निकाल देणार. मुंबईच्या इंग्रजांनीही काही बादशाही माणसं अडकवून ठेवली, म्हणजे दोन्ही टोकांना ओलीस. खाफीखान हा इतिहासकार त्या बोलण्यांच्या निमित्ताने स्वतः मुंबईला गेला होता आणि त्याने ते सगळं लिहून ठेवलंय. यात्रेच्या जहाजांना संरक्षण देण्याचं युरोपीय कंपन्यांनी कबूल केलं तेव्हा, १६९६ च्या जूनअखेर, बेड्या निघाल्या. नऊ महिने झाले होते. त्याच वर्षी लंडनच्या ओल्ड बेलीत एव्हरीच्या टोळीतल्या काहींवर खटला चालला, पाच जण फासावर गेले. एव्हरी सापडलाच नाही. सुरतेत बेड्यांत बसलेल्यांनी एव्हरीला डोळ्यांनी पाहिलंही नसेल.

चौथ्या जिनिव्हा कराराचं कलम ३३ म्हणतं की जो गुन्हा माणसाने स्वतः केला नाही त्यासाठी त्याला शिक्षा नको. कलम ३४ म्हणतं ओलीस धरू नका. कलम ३४ तर एकाच वाक्याचं आहे. मला वाटतं, सुरतेच्या किल्ल्यात लावायला याहून चांगला फलक नाही. १५४० च्या दशकात खुदावंदखानाने बांधलेला तो किल्ला महापालिकेने आता छान दुरुस्त केलाय.

महापालिकेवरून आठवलं. सुरत महापालिकेचं मुख्यालय मुगलीसरात आहे. १६४४ साली बांधलेली ती शहाजहानच्या काळातली सराई, मधल्या काळात तिचा तुरुंग झाला आणि १८६७ पासून तिथे नगरपालिका बसली. रिंग रोडवर खटोदऱ्याला जुनं सब-जेल होतं. तुरुंग सचिनच्या पलीकडे लाजपोरला गेला आणि खटोदऱ्याच्या जागेवर महापालिकेच्याच नव्या टोलेजंग इमारतीचं काम निघालं. सुरतेत तुरुंग उठला की तिथे महापालिका येते. घरपट्टीच्या रांगेत उभं राहणाऱ्यांना यातलं काही सांगायची सोय नाही, एरवीच ते वैतागलेले असतात.

कोठडीत कसं ठेवलंय हे विचारायचा अधिकार न्यायाधीशाला आहे, ही गोष्ट आपल्याकडे रुजली ती फार उशिरा. १८९४ च्या तुरुंग कायद्याने बेड्या कोणाला घालायच्या हे बहुतांशी अधीक्षकाच्या मर्जीवर सोडलं होतं. कोर्ट शिक्षा देणार, आतलं आत. ही भिंत पहिल्यांदा ज्या खटल्यांनी खिळखिळी केली त्यातला एक मराठी पुस्तकाचा आहे. प्रभाकर संझगिरी हे कम्युनिस्ट कार्यकर्ते भारत संरक्षण नियमांखाली मुंबईच्या तुरुंगात स्थानबद्ध होते. आत बसून त्यांनी अणूच्या अंतरंगाविषयी मराठीत पुस्तक लिहिलं आणि हस्तलिखित छापण्यासाठी बायकोकडे पाठवायची परवानगी मागितली. सरकारने ती नाकारली. सरकारचं म्हणणं, स्थानबद्धाला नियमांत लिहिलेल्या तेवढ्याच सवलती. पुस्तक छापायची सवलत नियमांत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने ते मानलं नाही, आणि १९६५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. सुब्बा राव यांच्या पीठानेही मानलं नाही. नियमाने जे काढून घेतलं नाही ते माणसाकडे शिल्लक राहतं, तुरुंगातसुद्धा. माझ्या मते कैद्यांच्या कायद्यातलं हे सर्वांत सुटसुटीत वाक्य आहे, आणि ते मूलकणांवरच्या पुस्तकामुळे मिळालं. त्यात राजकारणाचा शब्द नव्हता.

चार वर्षांनी गोव्याचं एक प्रकरण आलं आणि त्यात दार बंद झालं. मोंतेरो नावाच्या गोव्यातल्या धर्मगुरूने मुक्तीनंतर पोर्तुगीज नागरिकत्व कायम ठेवलं. परवान्याची मुदत संपूनही राहिला म्हणून खटला झाला, शिक्षा झाली. त्याने सर्वोच्च न्यायालयात सांगितलं, मी चौथ्या जिनिव्हा कराराच्या संरक्षणाखालचा माणूस आहे. भारताने हे करार १९५० मध्ये स्वीकारले होते, १९६० मध्ये त्यांचा कायदाही केला होता. १९६९ मध्ये सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांनी निकाल दिला की त्या कायद्याने व्यक्तीला कोर्टात मागण्याजोगा स्वतंत्र हक्क मिळत नाही. शिवाय गोवा आता व्याप्त प्रदेश राहिलेला नाही, तो भारतात विलीन झालाय. दुसरा मुद्दा मला पटतो. पहिल्याची बोच मात्र आजही आहे : करार सरकारांनी सरकारांशी केले, आणि ज्याच्यासाठी केले त्याला त्यांचं बोट धरून कोर्टात येता येत नाही. म्हणून आम्ही वकील मंडळी कैद्याचा अर्ज लिहिताना जिनिव्हा सोडतो आणि घटनेचं कलम २१ धरतो.

तेही कलम एकदा हातातून सुटलं होतं. आणीबाणीत महाराष्ट्रातल्या स्थानबद्धांनी स्थानबद्धतेच्या अटींविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली आणि उच्च न्यायालयाने त्यांना दिलासा दिला. सरकार अपिलात गेलं. भानुदास गावडे यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या प्रकरणात जानेवारी १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाचे आदेश रद्द केले : राष्ट्रपतींच्या आदेशाने मूलभूत हक्कांसाठी कोर्टात जाण्याचा मार्गच बंद आहे, तेव्हा अटकेबद्दल नाही आणि आतल्या वागणुकीबद्दलही नाही. त्याच महिन्यात निवडणुका जाहीर झाल्या. आणीबाणीत अटकेविरुद्ध कोर्टात दाद मागता येत नाही असं ठरवणारा जबलपूर खटल्याचा निकाल सगळ्यांना माहीत असतो, हा फारसा कोणाला ठाऊक नाही. कैद्यांच्या बाजूने पाहिलं तर हा जास्त कठोर आहे. जबलपूरमध्ये निदान प्रश्न तत्त्वाचा होता. इथे प्रश्न रोजच्या जगण्याचा होता आणि तोही ऐकून घेतला गेला नाही.

त्यानंतर मात्र वारं फिरलं. १९७८ मध्ये न्या. कृष्ण अय्यर आणि त्यांच्या सहकाऱ्यांसमोर तिहारचे दोन कैदी आले : फाशीची शिक्षा झालेला सुनील बत्रा, एकांतवासाविरुद्ध, आणि चार्ल्स शोभराज, पायातल्या लोखंडी दांड्याच्या बेड्यांविरुद्ध. शोभराज काही सहानुभूतीचा धनी नव्हता. त्याच्या बेड्यांचा प्रश्न न्यायालयाने त्याच्या गुन्ह्यांपासून वेगळा काढून तपासला. सुरतेच्या वखारीला १६६२ मध्ये जे जमलं नाही ते हेच. आणि १९७९ च्या डिसेंबरचा निकाल तर पत्रावरचाच. बत्राने दुसऱ्या एका कैद्यावर वॉर्डरने पैशासाठी केलेल्या अत्याचाराबद्दल न्यायालयाला पत्र लिहिलं. ना स्टँप, ना शपथपत्र. न्यायालयाने त्या पत्राचीच याचिका केली, तुरुंगात चौकशीला वकील पाठवले आणि जिल्हा न्यायाधीशांनी तुरुंगाला भेटी द्याव्यात, तक्रारपेट्या ठेवाव्यात, असं सांगितलं. पत्रातला मजकूर राजापूरच्या कैद्यांपेक्षा फार वेगळा नव्हता. फरक पत्त्यात होता.

आमच्या गुजरातनेही या कायद्यात भर घातली आहे, काही बाबतीत नको तशी. १९८९ मध्ये नडियादच्या मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांनाच पोलिसांनी हातकड्या घालून, दोराने बांधून इस्पितळात नेलं. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना अवमानाबद्दल शिक्षा केल्या आणि न्यायिक अधिकाऱ्याला अटक करताना काय पाळावं याची यादी दिली. यादी न्यायाधीशांपुरतीच का, असं बार रूममध्ये कोणीतरी दर वेळी विचारतं. १९९८ मध्ये गुजरात सरकारच्याच अपिलात सक्तमजुरीच्या कैद्याला रास्त मजुरी द्यावी आणि तिचा काही भाग गुन्ह्याच्या बळींसाठी ठेवावा असं ठरलं. सुरतेच्या तुरुंगात आत हिऱ्यांचं पॉलिशिंगही चालतं, तेव्हा इथे या निकालाला किती अर्थ आहे ते हिऱ्याच्या कामातल्या माणसाला सांगावं लागत नाही.

इतिहासाची एक गंमत २०१८ मध्ये घडली. विजय मल्ल्याच्या प्रत्यार्पणाच्या सुनावणीत लंडनच्या न्यायाधीश एमा आर्बथनॉट यांनी मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगातल्या बराक क्रमांक १२ चा व्हिडिओ मागवला. उजेड किती, संडास कसा, खिडकी कुठे. सीबीआयने चित्रीकरण करून पाठवलं. आपल्याकडे पुष्कळांना हा अपमान वाटला. इंग्रज कोण आमचे तुरुंग तपासणार? मला वाटलं, कच्च्या कैद्याच्या अर्जावर आमच्याकडेही असाच व्हिडिओ मागवला तर? त्या बराकीत उजेड आहे हे लंडनला पटलं आणि डिसेंबरमध्ये प्रत्यार्पणाचा हुकूम निघाला. तपासणीने सरकारचं नुकसान झालं नाही, काम झालं. भारताने छळविरोधी करारावर १९९७ मध्ये सही केली, पण अजून तो मंजूर केलेला नाही, आणि परदेशी कोर्टांत आपल्या बाजूला हे पुन्हा पुन्हा ऐकावं लागतं.

माझ्या कामात यातलं भव्य असं काही नसतं. लिंबायतहून एक आई येते. मुलगा आत आहे, चोरीच्या गुन्ह्यात, खटला उभा राहायचाय. ती अहिराणीत सांगते, मुलाखतीला गेले तर पोरगा खरजेने रक्तबंबाळ दिसला, रात्री झोपत नाही म्हणतो. मी विचारते, कधीपासून? बराक कोणती? दवाखान्यात नाव लिहिलं का? डॉक्टरने काही दिलं का? तिला यातलं एकच माहीत असतं, की पोराने बाही खाली ओढून हात लपवला. मग मी अर्ज करते : आरोपीची वैद्यकीय तपासणी होऊन उपचार मिळावेत व अधीक्षकांचा अहवाल मागवावा. कोर्ट शेरा मारतं, अहवाल येतो. 'आरोपीस योग्य उपचार देण्यात आले आहेत', एवढ्या एका ओळीवर थांबलेला अहवाल आला की मी तारीख, औषधाचं नाव आणि नोंदवहीतला उतारा मागते. दुसरा अहवाल पहिल्याहून लांब असतो. त्या लांबीतच पोराला मलम मिळतं. समोरच्या पक्षाचे वकील कधीकधी म्हणतात, मॅडम, गुन्हा काय आहे ते तरी बघा. तो मी जामिनाच्या दिवशी बघते.

तुमच्या घरचं, शेजारचं कोणी आत असेल तर एवढं करा. तक्रार तोंडी ठेवू नका, कागदावर आणा. 'फार हाल आहेत' असं लिहू नका. कोणत्या तारखेला काय झालं, बराक कोणती, आजार कोणता, औषध कधी मागितलं, कोणाकडे मागितलं, ते लिहा. कागद साधा चालतो, पोस्टकार्ड चालतं, मराठीत लिहिलेलंही चालतं. एक प्रत जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला, एक ज्या कोर्टात केस आहे त्या कोर्टाला द्या आणि एक स्वतःजवळ ठेवा. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे कोठडीतल्या प्रत्येक माणसाला, त्याचं उत्पन्न कितीही असो, वकील फुकट मिळतो. मदतीचा क्रमांक १५१०० आहे, सुरतेतूनही लागतो.